डुकरिणीचा खटला

१६३६ साली बॉस्टनमध्ये एक भटकी डुकरीण कॅप्टन रॉबर्ट कीन नावाच्या व्यापाऱ्याच्या ताब्यात आली. गाव वसून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. कीनने रीतसर दवंडी पिटवली. लोक येऊन पाहून गेले, पण 'ही माझी' कुणीच म्हणेना. जवळजवळ वर्षभर ती त्याच्याकडेच राहिली. त्याची स्वतःचीही एक डुकरीण होती, ती त्याने मधल्या काळात कापली. त्यानंतर एलिझाबेथ शर्मन ही बाई आपली हरवलेली डुकरीण शोधत आली. भटकी डुकरीण तिने पाहिली, ती तिची नव्हती. मग बाई गावभर सांगू लागली, कीनने कापली तीच माझी होती.

प्रकरण आधी चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे गेलं. कीन निर्दोष ठरला. १६४० मध्ये ते कोर्टात गेलं. ज्यूरीनेही कीनला सोडलं, वर खर्चापोटी तीन पौंड देवविले. इथे थांबावं की नाही माणसाने? पण कीनने उलट बदनामीचा दावा ठोकला आणि वीस पौंडांची भरपाई मिळवली. वीस पौंड म्हणजे त्या काळी फार मोठी रक्कम. बाईचा नवरा इंग्लंडात गेलेला. घरात जॉर्ज स्टोरी नावाचा एक तरुण व्यापारी राहायला होता, आणि त्याच्या तिथे राहण्याबद्दल याच कीनने पूर्वी गव्हर्नरकडे कागाळी केली होती. त्या रागाचं व्याज स्टोरीने आता वसूल केलं. आधीच्या खटल्यातल्या एका साक्षीदाराकडून 'मी खोटं बोललो' असं त्याने वदवून घेतलं आणि १६४२ मध्ये डुकरीण थेट जनरल कोर्टात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळात, नेऊन उभी केली.

सात दिवस सुनावणी चालली. सभेत ३९ जण होते: ९ मॅजिस्ट्रेट, म्हणजे गव्हर्नर आणि त्याचे सहकारी, आणि गावोगावचे ३० प्रतिनिधी. बाईच्या बाजूने २ मॅजिस्ट्रेट आणि १५ प्रतिनिधी. कीनच्या बाजूने ७ मॅजिस्ट्रेट आणि ८ प्रतिनिधी. उरलेले ७ प्रतिनिधी कुठेच नाहीत. डोकी मोजली तर बाई पुढे, मॅजिस्ट्रेटांचं वेगळं मोजलं तर कीन पुढे. मॅजिस्ट्रेट म्हणाले, आमच्या बहुमताशिवाय निर्णय होऊच शकत नाही, आम्हाला नकाराधिकार आहे. प्रतिनिधी म्हणाले, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी? डुकरीण बाजूला राहिली आणि भांडण सत्तेवर गेलं. शेवटी १६४४ मध्ये दोन्ही गटांनी वेगवेगळं बसायचं ठरवलं, आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याचं काही मंजूर होणार नाही असा नियम झाला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात आजही दोन सभागृहं आहेत. अमेरिकेची सगळी राज्यघटना डुकरिणीच्या पोटातून निघाली असं म्हणणं फारच झालं, पण या एका वसाहतीपुरतं ते खरं आहे. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की अगदी लहानशा निमित्ताने मोठं प्रकरण उभं राहिलं.

माझी सगळी नोकरी ग्रामसेवकाची. ग्रामसभेची इतिवृत्तं लिहिणं, गणपूर्तीअभावी सभा तहकूब करणं आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पाचच माणसांत ठराव उरकणं, हे सगळं केलेला माणूस मी. त्यामुळे मुलीकडे बॉस्टनजवळ राहायला गेलो की इतर लोक धबधबे बघतात तसा मी जुनी दप्तरं बघत बसतो. वसाहतीच्या काळातली न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बॉस्टनभोवतालच्या प्रदेशातल्या, गावांची दप्तरं छापून निघालेली आहेत, ग्रंथालयात मिळतात. पहिल्यांदा वाचताना वाटलं, क्रांती, स्वातंत्र्य, मानवी हक्क असं काहीतरी दिसेल. दिसली ती कुंपणं. कुंपण किती उंच हवं, कुणाचं पडलंय, कुणाची डुकरं कुणाच्या मक्यात घुसली, डुकराच्या नाकात कडी आणि मानेत जोखड होतं की नव्हतं. डुकरांवर लक्ष ठेवायला गावसभा एक माणूस नेमायची, कुंपणं तपासायला दुसरा, कोंडवाडा सांभाळायला तिसरा. पगार नावापुरता किंवा तोही नाही. आज मी तुझं कुंपण तपासलं, पुढच्या वर्षी तू माझं तपासशील.

हे राज्य मुळात आलं कुठून, ते सांगायला हवं. मॅसॅच्युसेट्स बे ही कागदोपत्री एक व्यापारी कंपनी होती. राजाने १६२९ साली तिला सनद दिली. जनरल कोर्ट म्हणजे खरं तर भागधारकांची सर्वसाधारण सभा, गव्हर्नर म्हणजे कंपनीचा अध्यक्ष. ईस्ट इंडिया कंपनीची घडणही साधारण याच जातीची. फरक एवढाच की ईस्ट इंडिया कंपनीची सनद आणि संचालक दोन्ही लंडनमध्येच राहिले, आणि मुंबईत काय करायचं ते लंडनहून पत्राने कळायचं. विन्थ्रॉप आणि मंडळींनी १६३० मध्ये निघताना सनद जहाजावर घालून सोबतच नेली. सभा जिथे सनद तिथे. सभा समुद्रापलीकडे गेली आणि कंपनीचं सरकार झालं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार कारकुनी डाव वाटतो.

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. १६३१ मध्ये ठरलं की वसाहतीच्या कारभारात मत फक्त चर्चच्या सभासदांना, म्हणजे त्यांतल्या पुरुषांना. आणि चर्चचं सभासदत्व नुसतं रविवारी हजर राहून मिळत नसे. ईश्वराने आपल्याला कसं निवडलं याचा अनुभव सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचा, आणि तो ऐकणाऱ्यांना पटला पाहिजे. एलिझाबेथ शर्मनला मत नव्हतं. पण तिची तक्रार ऐकायला विधिमंडळ सात दिवस बसलं, हेही तितकंच खरं.

सरकार माणसाच्या किती जवळ होतं, याचा अंदाज यावा म्हणून थोडं सांगतो. १६३१ साली हुकूम निघाला की लाकडी धुरांडं आणि गवताचं छप्पर करायचं नाही, कारण आगी लागत होत्या. हे समजू शकतो. गावच्या कुरणात, ज्याला आज बॉस्टन कॉमन म्हणतात आणि जिथे ऑफिसची मंडळी दुपारी डबा खातात, सत्तरच दुभत्या गाई चरतील असं १६४६ मध्ये ठरलं. हेही समजू शकतो. पण परक्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तीन आठवड्यांहून जास्त घरात ठेवायचं नाही, हा १६३७ चा कायदा. एकट्यादुकट्या माणसाने स्वतंत्र बिऱ्हाड करायचं नाही, कुठल्या तरी कुटुंबाच्या शिस्तीत राहायचं. ज्याची मालमत्ता २०० पौंडांहून कमी, त्याने सोन्याचांदीची लेस आणि बटणं लावायची नाहीत, हा १६५१ चा. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, हा १६५९ चा, आणि तो १६८१ पर्यंत टिकला. बायबलात नाताळाची तारीख नाही, म्हणून सण नाही. त्या दिवशी कामाला जायचं.

यातला मला सगळ्यांत आवडलेला निकाल १६३१ चा आहे. जोसायस प्लास्टो नावाच्या एका प्रतिष्ठिताने इंडियनांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, चार टोपल्या मका चोरला. शिक्षा अशी: आठ टोपल्या परत कर, पाच पौंड दंड भर, आणि यापुढे तुला 'मिस्टर' म्हणायचं नाही, नुसतं जोसायस म्हणायचं. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला रोज भेटतो तिथे या शिक्षेचा जाच कसा असेल, हे लहान गावात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. रोज सकाळी विहिरीवर, चर्चच्या दारात, बाजारात कुणीतरी हाक मारणार, आणि प्रत्येक हाकेत निकाल वाचून दाखवला जाणार.

आता पुन्हा कीनकडे वळतो, कारण हा माणूस मला सोडत नाही. तो खाटकाचा मुलगा, लंडनमध्ये व्यापार करून वर आलेला, १६३५ मध्ये बॉस्टनला आला. पुढे तिथली पहिली तोफखाना पलटण उभी करण्यात पुढाकार घेतला. धर्माचा पक्का. प्रवचनांची टिपणं वह्यावह्या भरून काढायचा. आणि दुकानदार. डुकरिणीचं प्रकरण कोर्टात जाण्याआधीच, १६३९ मध्ये, जनरल कोर्टाने त्याला २०० पौंड दंड ठोकला होता. गुन्हा काय, तर जास्त नफा घेतला. पुढे दंड ८० पौंडांवर आला. पण दंडाने भागलं नाही. चर्चनेही त्याला बोलावलं, आणि भर सभेत या गृहस्थाला रडत आपल्या लोभाची कबुली द्यावी लागली. त्यानंतर धर्मोपदेशक जॉन कॉटनने व्यापाराच्या खोट्या तत्त्वांवर व्याख्यान दिलं. शक्य तितकं स्वस्त घ्यावं आणि शक्य तितकं महाग विकावं, हे पहिलंच खोटं तत्त्व. आज त्याच बॉस्टनमध्ये नेमकं हेच शिकायला जगभरातून मुलं येतात, लाखो डॉलर भरून. त्यांत आमचे जावईही होते, म्हणून इथेच थांबतो.

कीनने कबुली दिली खरी, पण ती त्याला कधी पचली नाही. १६५३ च्या ऑगस्टमध्ये तो मृत्युपत्र लिहायला बसला. लिहीत सुटला. पन्नास हजारांवर शब्द झाले. मृत्युपत्रात माणूस घर कुणाला, भांडी कुणाला हे लिहितो. कीनने ते लिहिलंच, पण मधे मधे पानंच्या पानं खिळ्यांच्या भावावर आहेत. सहा पेनीचे खिळे मी सातला विकले, आठचे दहाला. दोन शिलिंगला चांगला लगाम विकला म्हणून मला पापी ठरवलंत, आणि आता त्याहून हलके लगाम तीन शिलिंगला विकले जातात तेव्हा कुणी अवाक्षर काढत नाही. सोन्याची बटणं. त्यांची लंडनमधली खरेदी. डुकरिणीचाही हिशोब आहे. चौदा वर्षांपूर्वीचा अपमान, पै-पैसह. मधल्या काळात, १६५२ मध्ये, दारू प्यायल्याच्या आरोपावरून त्याला आणखी एकदा गावापुढे मान खाली घालावी लागली होती, ते निराळंच.

हे वाचताना मी कीनच्या बाजूचा होतो आणि नव्हतोही. एवढा मोठा दुकानदार एका एकट्या बाईवर वीस पौंडांचा दावा लावतो, तेव्हा तो माझा माणूस नाही. पण आयुष्याच्या शेवटी तो ज्यांना पटवून द्यायला धडपडतो ती माणसं कोण? ज्यांनी त्याला रडवलं तीच. दुसरीकडे निघून जावं, असं त्याच्या मनातही येत नाही. उलट त्याने याच गावाला ३०० पौंड ठेवले. कशासाठी, तर सभागृह बांधा. खाली बाजार, वर कोर्टाला आणि गावच्या कारभाऱ्यांना बसायला खोल्या, ग्रंथालय, आणि आग विझवायला पाण्याची सोय. १६५६ मध्ये तो वारला. दोन वर्षांत गावाने आणखी वर्गणी घालून लाकडी टाउन हाउस उभं केलं. ज्या सभेने त्याला दंड केला, तिला त्याने मरताना हक्काची जागा दिली.

ते १७११ च्या आगीत जळालं. त्याच जागी १७१३ मध्ये विटांची इमारत झाली, ती अजून आहे. तिच्याच पोटात आता भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. १७६६ मध्ये इथल्या प्रतिनिधी सभागृहात लोकांना बसून कामकाज बघायला सज्जा उघडला गेला. १७७० मध्ये हिच्याचसमोर इंग्रज शिपायांनी गोळ्या झाडल्या. १८ जुलै १७७६ रोजी हिच्याच बाल्कनीतून स्वातंत्र्याचा जाहीरनामा बॉस्टनकरांना वाचून दाखवला गेला. पर्यटकांना हे सगळं सांगतात. खिळ्यांचं सांगत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट. कीन जिवंत असताना, १६४९ मध्ये, याच गावात एलिहू येल जन्मला. लहानपणीच आईबापांबरोबर इंग्लंडला गेला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकिर्दीत १६९० मध्ये कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला विकत घेतला, तो जिंजीला असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या सरकारकडून. किल्ल्याभोवतीची हद्द तोफेचा गोळा जिथे पडेल तिथपर्यंत, असा करार होता. येलने पुढे कनेटिकटमधल्या कॉलेजला पुस्तकं आणि कापडाच्या गाठी पाठवल्या, म्हणून कॉलेजला त्याचं नाव मिळालं. औरंगजेबाशी झुंजताना पैसा उभा करणारं मराठी राज्य आणि बॉस्टनमध्ये जन्मलेला हा व्यापारी एका कागदावर आले, आणि या योगायोगाची आपल्याकडे कुणाला फारशी आठवण नाही.

१६४१ मध्ये या वसाहतीने आपल्या हक्कांची एक सनद तयार केली. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने ती लिहिली. वाचताना मी थक्क झालो. विवाहित स्त्रीला नवऱ्याने मारायचं नाही, असं तिच्यात आहे. १६४१ साली! ९२ वं कलम सांगतं की पाळीव जनावरांशी क्रूरपणे वागायचं नाही. त्याच्या लगेच आधीचं, ९१ वं कलम गुलामगिरीचं आहे. गुलामगिरी असणार नाही, असं ते सुरू होतं. मात्र न्याय्य युद्धात पकडलेले आणि आम्हाला विकले गेलेले परके लोक सोडून, असं पुढे जातं. म्हणजे असणार. बैलाला संरक्षण मिळालं आणि त्याच पानावर माणूस विकायला परवानगी मिळाली. कीनच्या घरातही गुलाम होते. मृत्युपत्रात त्याने रिचर्ड, ग्रेस आणि त्यांची मुलगी झिपोरा यांना थोडे थोडे पैसे ठेवले, असं इतिहासकार सांगतात. १६७० मध्ये झिपोराने बॉस्टनमध्ये स्वतःच्या नावावर घर घेतलं. त्या काळी काळ्या स्त्रीने केलेली ही खरेदी इतकी दुर्मीळ की अलीकडे तिच्या स्मरणार्थ तिथे एक फलक लावला आहे.

आणि मियांतोनोमी. नॅरागॅन्सेट लोकांचा हा सरदार. १६४२ मध्ये, म्हणजे विधिमंडळ डुकरिणीवर बसलं त्याच वर्षी, तो लाँग आयलंडच्या लोकांना भेटायला गेला. तिथे त्याने जे भाषण केलं ते एका इंग्रजाने लिहून ठेवलं आहे. आमच्या वाडवडिलांच्या काळी हरणं, टर्की, मासे यांची ददात नव्हती, तो म्हणाला. आता इंग्रजांनी जमीन घेतली, कोयत्याने गवत कापलं, कुऱ्हाडीने झाडं पाडली. त्यांच्या गाई-घोडे गवत खातात, त्यांची डुकरं आमच्या शिंपल्यांचे किनारे उकरून नासवतात. आम्ही सगळे उपाशी मरू. ओहोटीला चिखलात शिंपले वेचणं हे बायकांचं काम आणि हिवाळ्यातला आधार. डुकरांना तो पत्ता आपोआप लागला होता.

इंडियनांची तक्रार कुणी ऐकतच नसे असं नाही. जोसायसला त्यांच्या मक्यापायीच शिक्षा झाली होती. इंग्रजांच्या गुरांनी इंडियनांचं शेत खाल्लं तर भरपाई द्यायची, असेही नियम होते. पण त्यासाठी शेताला कुंपण हवं. जे शेत काही वर्षांनी सोडून दुसरीकडे जायचं, त्याला कुंपण कोण घालणार? आणि समुद्रकिनाऱ्याला कसं घालणार? एका डुकरिणीचा प्रश्न होता तोवर उत्तर सापडत होतं. सगळ्या डुकरांचा प्रश्न कुठल्याच सभेपुढे येऊ शकत नव्हता. पुढच्या वर्षी मियांतोनोमी त्याचा शत्रू अंकस याच्या हाती लागला. अंकसने त्याला इंग्रजांकडे सोपवलं. बॉस्टनमध्ये वसाहतींचे प्रतिनिधी जमले, विचारविनिमय झाला, आणि त्याला अंकसकडे परत द्यावं, अंकसने त्याला मारावं असं ठरलं. त्याप्रमाणे झालं.

त्यानंतरच्या पिढीत वाम्पानोआग लोकांचा सरदार मेटाकॉम स्वतःच डुकरं पाळू लागला. चांगली गोष्ट, म्हणायला हवं होतं, कारण इंग्रज इतकी वर्षं हेच सांगत होते की आमच्यासारखी जनावरं पाळा. १६६९ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पोर्ट्समथ गावाने त्याला कळवलं, तुझी डुकरं आमच्या बेटावरून काढून ने. बेटाचं नावच हॉग आयलंड, डुकरांचं बेट. सहा वर्षांनी त्याने युद्ध पुकारलं. कारणं पुष्कळ होती, त्यांत जनावरांचं हे जुनं भांडणही होतं.

या प्रदेशातल्या बऱ्याच गावांत वसंत ऋतूत वार्षिक गावसभा अजून भरते आणि कायद्याप्रमाणे कुंपण-निरीक्षकही अजून नेमले जातात. मुलीच्या गावची सभा मी हौसेने पाहायला गेलो. शाळेच्या हॉलमध्ये मतदार पुढे, मत नसलेले बाजूच्या खुर्च्यांवर. मी पाहुणा, माझं ठीक. पण मुलगी तिथे घर घेऊन राहते, घरपट्टी ऐकली तर आपल्याकडे माणसाला घेरी येईल, तरी नागरिकत्व नाही म्हणून तीही माझ्या शेजारीच बसली. विषय होता वाळकी पानं उडवायच्या पेट्रोलवरच्या यंत्रांचा. बंदी घालावी का, कधीपासून, माळीकाम करणाऱ्यांचं काय, बॅटरीवरच्या यंत्राचा आवाज कमी असतो का. लोक माइकपाशी रांग लावून बोलत होते. एक आजोबा फक्त एवढंच सांगायला उठले की शेजारी सकाळी सातलाच सुरू करतो. त्यांचं सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जावई दोनदा घड्याळ बघून घरी गेले. माझा मात्र पाय निघेना. सभाध्यक्ष नियमाचं पुस्तक उघडून दुरुस्तीच्या दुरुस्तीवर निर्णय देत होते, आणि आमच्या ग्रामसभांत हे पाहायला मी किती वर्षं वाट पाहिली असती असं वाटत होतं.

उशिरा ठराव मंजूर झाला. गाडीत बसल्या बसल्या मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या डावीकडच्या शेजाऱ्याचं यंत्र पेट्रोलवरचंच आहे." तक्रार कुठे करायची ते तिने फोनवर शोधायला घेतलंही होतं. मी विचारलं, त्याला मत लागतं का गं? म्हणाली, नाही, फक्त पत्ता.